आराखडा श्रावणात, टंचाई चैत्रात

एकोणीस वर्षं मराठवाड्यात ग्रामसेवक म्हणून काढली. पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात मात्र अजून भाऊसाहेबच. गावाचे वर्षाचे विकास आराखडे बरेच लिहिले, पण एक गोष्ट मला फार उशिरा उमगली.

आराखड्याची चर्चा सुरू होते १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आणि रंगते २ ऑक्टोबरच्या. तेव्हा विहिरी भरलेल्या, ओढा वाहता. पाण्याचं काय करायचं विचारलं तर लोक म्हणतात, पाणी आहे की! दारात मात्र चिखल असतो. मग काँक्रीट रस्ता, गटार, पेव्हर ब्लॉक. मागणी खोटी नसते, पण ती त्या महिन्याची असते.

माझ्या एका गावात आम्ही वस्तीसाठी साठवण टाकी बांधली. अंदाजपत्रक चोख, तांत्रिक मान्यता वेळेत, कामही चांगलं. मार्चमध्ये विहिरीनं तळ गाठला आणि टाकीच्या सावलीत टँकर उभा राहिला. टाकी किती मोठी हवी ते माणशी रोज ५५ लिटर धरून काढलं होतं. विहीर उन्हाळ्यात किती पाणी देते, हे कुणी मोजलंच नव्हतं. तो ठराव माझ्या हातचा. बाया रिकाम्या टाकीखाली घागरींची रांग लावत होत्या, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

पुढच्या गावात महिला सभा शाळेच्या वर्गात घेतली. फळ्यावर बारा रकाने पाडले, चैत्र ते फाल्गुन. "काय हवं?" हे विचारलंच नाही. "कुठल्या महिन्यात अडतं, आणि कुठं?" एवढंच विचारलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून एक आजी उठल्या. "माघ सरला की हापसा दम खातो, भाऊसाहेब. वीस हिसके मारले की तांब्याभर. फाल्गुनात नुसता वाजतो." तिथून बाकीच्या बोलत्या झाल्या. एक जण म्हणाली, कार्तिकात आम्ही ऊसतोडीला जाणार, मग सभेत आमचं कोण मांडणार? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षी ग्रामसभेआधी त्यांच्या वस्तीवर वेगळी बैठक घेतली, आणि ती घेतलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

तासाभरात चैत्र-वैशाखाच्या रकान्यात जागा उरली नाही.

तो फळा वहीत उतरवून आराखडा लिहिला. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के वाटा बंधितच होता, म्हणजे ठरलेल्या कामांनाच लावता येणारा; त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. पाण्याचा पैसा नव्या टाकीला न लावता विहिरीच्या वरच्या अंगाला, उद्भव, म्हणजे पाण्याचा मूळ स्रोत, बळकट करायला लावला. माथ्यावरचे सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवून मुरवायला उताराला आडवे खणलेले चर, रोजगार हमीतून घेतले. चर म्हणजे जवळपास सगळी मजुरीच, त्यामुळे मजुरीवर किमान ६० आणि साहित्यावर फार तर ४० टक्के हे प्रमाण सांभाळायला त्रास पडला नाही. आणि रोजगार हमी राज्यभर रुजली तीच १९७२ च्या दुष्काळात. १९७७ चा कायदा नंतरचा. हाताला काम नसलेल्या महिन्यांचा विचार तिच्या मुळातच होता.

गावाने मागितलेला रस्ता मात्र एक वर्ष मागे गेला. त्यावरून ग्रामसभेत दीड तास वाद झाला. रस्त्याकडेला ज्यांची घरं, त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणून पुढच्या वर्षीच्या यादीत त्यांचा रस्ता पहिला असेल, हे त्याच सभेच्या प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे इतिवृत्तात, लिहून घेतलं.

लोक हिवरे बाजारला जातात आणि झाडं, स्वच्छ गल्ल्या बघून परत येतात. मला तिथला पाण्याचा ताळेबंद मोठा वाटतो. पोपटराव पवारांच्या त्या गावात पाऊस मोजतात, पाणी किती उरलं ते मांडतात आणि पिकं त्यावर ठरवतात. आधी मोजणी, मग मागणी.

आता दर एप्रिलमध्ये दोराला दगड बांधून गावातल्या प्रत्येक सार्वजनिक विहिरीचं पाणी मोजतो. सोबत एक-दोन बाया असतात, आकडा त्यांच्यासमोर वहीत चढतो. यंदाचे आकडे १५ ऑगस्टच्या सभेत मागण्या घेण्याआधी वाचून दाखवणार आहे.