संत्र्याचा वास येईल इतक्या जवळून

पार्ल्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला नाटक पाहण्याची सवय दीनानाथ नाट्यगृहाने लावलेली असते. तिकिटावर रांग आणि खुर्चीचा क्रमांक असतो, तिसरी घंटा होते, पडदा वर जातो आणि मध्यंतरात बटाटेवडा मिळतो. त्यामुळे बऱ्याच वर्षांनी गेल्या रविवारी जुहूच्या जानकी कुटीरमधील पृथ्वी थिएटरला गेलो, तेव्हा सुरुवातीला थोडे चुकल्यासारखे झाले. येथे जागा राखीव नसते, आधी येईल त्याने आधी बसावे असा रिवाज आहे आणि प्रयोग सुरू झाल्यावर उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत. मी पाऊण तास आधीच पोचलो आणि अंगणातल्या कॅफेत सुलेमानी चहा घेऊन रांगेकडे डोळा ठेवून बसलो.

पृथ्वीराज कपूर यांनी 1944 साली काढलेली नाटक मंडळी गावोगाव फिरत असे. तिला स्वतःचे नाट्यगृह असे कधी लाभले नाही. त्यांच्या पश्चात शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी ही वास्तू उभारली आणि 5 नोव्हेंबर 1978 रोजी ती खुली झाली. मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे पहिला प्रयोग गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या मराठी नाटकाच्या हिंदी रूपाचा होता आणि त्यात नसीरुद्दीन शाह व ओम पुरी होते. एका डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची चौकशी हा त्या नाटकाचा गाभा. अशा नाटकाला नेपथ्याच्या भपक्यापेक्षा बोलणाऱ्याचा चेहरा जवळून दिसणे अधिक गरजेचे असते, आणि वास्तुरचनाकार वेद सेगन यांनी आखलेल्या या जागेत ते आपोआप साधते.

प्रेक्षकांसाठी जेमतेम दोनशे जागा, त्याही रंगमंचाच्या तीन बाजूंनी. पडदा नाही. पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय पसरले तर ते नटाच्या वाटेत येतील. मी पाहिलेल्या दोन पात्री हिंदी प्रयोगात नायिका बोलता बोलता संत्रे सोलू लागली आणि क्षणभरात त्याचा वास आमच्या तिसऱ्या रांगेपर्यंत आला. मोठ्या नाट्यगृहात तिने संत्रे सोलल्याचा नुसता अभिनय केला असता तरी भागले असते. येथे नखात अडकलेला सालीचा तुकडासुद्धा दिसत होता. समोरच्या बाजूला बसलेले प्रेक्षकही दिसतात, हा या रचनेतला खरा धोका आहे. एका गृहस्थांनी जांभई दिली ती मी पाहिली, आणि माझी खात्री आहे की नायिकेनेही पाहिली, कारण पुढचे वाक्य तिने त्यांच्याकडे वळून म्हटले. गृहस्थ सावरून बसले.

दोनशे तिकिटांच्या गल्ल्यावर आपल्या व्यावसायिक नाटकाचे गणित बसणार नाही, हे मान्य. पण 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेने जे प्रयोग केले, तेही अशाच लहान जागेच्या बळावर उभे राहिले होते. पार्ल्यातही अशी एखादी जागा असती तर मी दीनानाथला थोडा कमी गेलो असतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

प्रयोग संपून दिवे लागले, तेव्हा संत्र्याच्या दोन फोडी रंगमंचावर तशाच राहिल्या होत्या आणि पहिल्या रांगेतली एक लहान मुलगी त्या उचलाव्यात की नाही, या विचारात आईकडे पाहत उभी होती.