द क्युअरचा नवा अल्बम आणि गिटारच्या खालचं सप्तक

द क्युअर या इंग्लिश रॉक बँडचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ हा अल्बम १ नोव्हेंबर २०२४ ला आला. आधीचा अल्बम २००८ चा, म्हणजे मध्ये सोळा वर्षं गेली. गाणी आठच आहेत, सगळी बँडचा गायक-गिटारिस्ट रॉबर्ट स्मिथनं लिहिलेली, आणि त्यातली बरीचशी २०२२-२३ च्या दौऱ्यात लोकांसमोर वाजून पक्की झालेली.

‘अलोन’मध्ये स्मिथचा आवाज यायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो, शेवटच्या ‘एंडसाँग’मध्ये सहा मिनिटांहून जास्त. याला आलाप म्हणायचा मोह होतो, पण ‘अलोन’मध्ये ठेका सुरुवातीपासूनच आहे. तेच कॉर्ड्‌सचं (एकत्र वाजणाऱ्या सुरांचं) आवर्तन फिरत राहतं आणि त्यावर एकेक थर चढतो. हा भाग वगळून थेट शब्दांवर गेलात तर आवाज ज्या भारावर टेकतो तो भारच ऐकलेला नसतो.

घरी हा नाद जमवायचा असेल तर खरी चावी सहा तारांच्या बासमध्ये आहे. द क्युअरच्याच १९८९ च्या ‘पिक्चर्स ऑफ यू’ गाण्यातली ओळखीची धून फेंडर कंपनीच्या बास सिक्स या अशाच वाद्यावरची. त्याचं ट्यूनिंग गिटारचंच, फक्त एक सप्तक खाली. स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३० इंच; नेहमीच्या बासची ३४. सोबत येणाऱ्या तारा .०२४ ते .०८४ इंच जाडीच्या असतात, आणि खालची ई, म्हणजे सगळ्यात जाड तार, इतकी सैल लागते की जोरात छेडली की क्षणभर सूर वर चढतो आणि तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) खडखडते. तिथे .०९५ ची तार लावा. मात्र नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच कानशीनं थोडी रुंद करावी लागते. नाही केली तर जाड तार वरच अडकते आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सगळं चढं वाजतं.

बास सिक्स नसेल तर साध्या गिटारला ऑक्टेव्ह पेडल (सूर एक सप्तक खाली नेणारं) चालतं, पण एकेक सूरच वाजवा. जुन्या धर्तीच्या पेडलला एका वेळी एकच सूर ओळखता येतो, कॉर्ड दिली की गुरगुर होते.

पेडलचा क्रम: आधी कोरस किंवा फ्लँजर (नाद लहरता करणारी), मग डिले (सूर ठरावीक वेळानं पुन्हा ऐकवणारं), शेवटी रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखी गुंज देणारं). डिलेचा वेळ अंदाजानं ठेवू नका. ६०,००० ला बीपीएमनं, म्हणजे मिनिटाला किती मात्रा त्या आकड्यानं, भागा. लय ७५ असेल तर एक मात्रा ८०० मिलिसेकंदांची, अर्धी ४००, पाऊण ६००. संथ लयीत वीस मिलिसेकंदांची चूकही प्रत्येक पुनरावृत्तीबरोबर साठत जाते आणि ड्रमशी भांडते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो खर्जात. बँडच्या सायमन गॅलपचा बास प्लेक्ट्रमनं (तार छेडायच्या पातळ पट्टीनं) वाजतो, त्यामुळे त्याला धार असते. त्याच्या जागेत बास सिक्स घुसला की दोन्ही गढूळ होतात. बास सिक्सचं १२० हर्ट्‌झच्या खालचं कापा आणि धून वरच्या चार तारांवर ठेवा. कीबोर्डचे लांब सूर त्याच्याही वर, आवाज कमी. घरातल्या छोट्या गिटार अँपवर खालची ई मोठ्यानं वाजवू नका. आठ इंची स्पीकरला ते झेपत नाही.

आणि थर घाईनं चढवू नका. एक आवर्तन पुरं झाल्याशिवाय दुसरी गिटार आणायची नाही.