वाळूच्या पेटीतील बुडालेली दरी : तिसरी नोंद

मागच्या नोंदीपर्यंत सहा फुटी पत्र्याच्या पेटीत 'समुद्रा'ची पातळी उतरवून नदीला दरी कोरू दिली होती. या महिन्यात पातळी चढवून तीच दरी गाळाने भरून पाहिली. आपली पंचगंगा कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते, त्यामुळे कोल्हापुरातील तिच्या काठच्या पोयट्यात समुद्राच्या चढउताराची खूण शोधण्यात अर्थ नाही. त्यासाठी गगनबावड्याचा घाट उतरून विजयदुर्गची खाडीच गाठावी लागते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. पुढे बर्फ वितळून पाणी चढले, तशी नद्यांची मुखे बुडून खाड्या झाल्या.

पहिल्या खेपेस पाणी तासाला एक सेंटिमीटर चढवले. नदी वाळू आणत राहिली, मुखाशी ती साचत राहिली आणि दरी जवळजवळ वाळूनेच भरली. काळ्या मातीचा गाळ मात्र बसेना. दोन दिवस पाणी गढूळच राहिले. मग समुद्राच्या टोकाला जाडे मीठ विरघळवले, तेव्हा मातीचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या आणि सकाळपर्यंत तळ दिसू लागला. खाडीत गोडे पाणी खाऱ्याला मिळते तिथे चिखल का साचतो, हे इतक्या जवळून मी प्रथमच पाहिले.

दुसऱ्या खेपेस चार सेंटिमीटर पाणी दहा मिनिटांत चढवले. वाळू साचण्याची जागा एकदम दीड हात मागे सरकली आणि खालच्या वाळूवर थेट चिखल बसला. पाणी काढून, पेटी वाळवून पत्र्याने आडवा काप घेतला, तेव्हा तळाशी खडे, त्यावर विटांच्या पुडीने रंगवलेली वाळू आणि तिच्यावर सुरीने कापल्यासारख्या सरळ रेषेपासून सुरू होणारा काळा थर दिसला. पहिल्या खेपेच्या कापात अशी रेषा कुठेच नव्हती. माझ्या मते, पुरलेल्या दरीत कोणता थर कुठे बसेल, हे पाणी किती चढले यापेक्षा किती वेगाने चढले यावर अधिक ठरते. प्रत्यक्षातही हा वेग सारखा नव्हता : सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी अवघ्या काही शतकांत समुद्र पंधरा मीटरांच्या आसपास वर आला, तर गेल्या सहा-सात हजार वर्षांत तो बराचसा स्थिरावला आहे.

पुढच्या खेपेस पाणी निम्म्यावर थांबवून, नदीला तिथे एक दिवस वाळू साचवू देऊन, मग उरलेली पातळी चढवणार आहे.