झोपेच्या इंजेक्शनवरचा उतारा आणि शेवटची एसटी

एंडोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीच्या वेळी पेशंट जरा जास्तच गुंगीत गेला तर त्याला जागं करायला एक इंजेक्शन असतं, फ्लुमाझेनिल. बऱ्याच लोकांना ते माहीतच नसतं, आणि ज्यांना कळतं त्यांचा त्यावर इतका विश्वास बसतो की पेशंटने डोळे उघडले रे उघडले की हे निघालेच रिक्षा बोलवायला. म्हणून आज सविस्तर लिहितेय. मी कुडाळच्या बाजूला एका हॉस्पिटलात एंडोस्कोपी रूमला सिस्टर आहे, आमच्याकडे आचरा, देवगड, वेंगुर्ला कुठून कुठून माणसं येतात आणि शेवटची एसटी चुकायची तर नाही ना हे टेन्शन त्यांना सकाळी केस पेपर काढतानाच असतं.

आधी झोपेच्या औषधाबद्दल. आम्ही बहुतेक वेळा मिडाझोलाम देतो. भूल नव्हे, गुंगी. माणूस हाक मारली की ओ देतो पण नंतर त्याला काही आठवत नाही. मागे एक आजोबा सगळं उरकून बाहेर आणल्यावर मला विचारतात, "गो बाय, कधी सुरू करतल्यात?" मी म्हटलं आबा झालं पण, तर त्यांचा विश्वासच बसेना, सुनेकडे बघून खात्री करून घेतली. असं व्हावं म्हणूनच ते औषध देतात, पण वय जास्त, अंगाने अगदी काटकुळे, लिव्हर खराब असे पेशंट असले की तेवढाच डोस जड जातो, मान मागे पडते, घोरणं सुरू होतं आणि मॉनिटरवरचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, खाली यायला लागतं.

अशा वेळी आधी हात जातो तो हनुवटीला. जबडा वर उचलायचा, ऑक्सिजन वाढवायचा, मोठ्याने नावाने हाक मारायची. निम्म्या वेळा एवढ्यानेच भागतं. फ्लुमाझेनिलने गुंगी उतरते पण दबलेला श्वास त्याने सुधारेलच असा भरवसा धरता येत नाही, त्यामुळे श्वास आधी, अँप्युल (इंजेक्शनची काचेची कुपी) नंतर. अँप्युल ५ मिलीची, त्यात औषध ०.५ मिग्रॅ. डॉक्टर सांगतात तसं २ मिली म्हणजे ०.२ मिग्रॅ शिरेतून १५ सेकंदांत हळूहळू द्यायचं, मग मिनिटभर पेशंटकडे बघत थांबायचं, लागलं तर परत तेवढंच, आणि गुंगी उतरवायला एकूण १ मिग्रॅच्या पुढे सहसा जात नाहीत. एक-दोन मिनिटांत माणूस डोळे उघडून इकडेतिकडे बघायला लागतो. किती वेळा बघितलं तरी मला दर वेळी भरून येतं.

हे औषध रोश कंपनीच्या बाझलच्या लॅबमधलं, त्यावरचा पहिला शोधनिबंध १९८१ चा आणि अमेरिकेत परवानगी मिळाली १९९१ ला. ते काम कसं करतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मेंदूत गाबा रिसेप्टर म्हणून मेंदूला शांत करणाऱ्या जागा असतात, त्यावर मिडाझोलाम, डायझेपाम, अल्प्राझोलाम या गोळ्या-इंजेक्शनांची एक ठरलेली सीट असते. फ्लुमाझेनिल येऊन ती सीट पकडतं आणि नुसतं बसून राहतं. मिडाझोलाम गाडीतून उतरलेलं नसतं, ते उभं असतं, दांडीला धरून! फ्लुमाझेनिलचा स्टॉप लवकर येतो, त्याचं हाफ लाइफ (अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण तासाभराचं, मिडाझोलामचं दोन-अडीच तासांपर्यंत आणि डायझेपाम तर दिवसच्या दिवस अंगात राहतं. हे उतरलं की ते परत बसलं.

म्हणून जागा झालेला, चहा मागणारा माणूस तासाभराने परत पेंगायला लागू शकतो, आणि तेव्हा तो जर कणकवलीच्या पुढे एसटीत खिडकीला डोकं टेकून बसलेला असेल तर शेजारच्याला वाटणार झोप लागली बिचाऱ्याला. म्हणून आम्ही दोन तास तरी समोर ठेवतो, डोस जास्त झाला असेल किंवा वय जास्त असेल तर आणखी. त्यावरून बोलणी खाल्लीत, खाऊ. आणि विसरायला होणं हा भाग या उताऱ्याने पुरता जातोच असं नाही, तेव्हा घरी काय करायचं ते पेशंटला सांगून उपयोग नाही, सोबतच्याला सांगायचं आणि कागदावर लिहून द्यायचं. त्या दिवशी बाइक नाही, कोयता-विळी नाही, विहिरीवर जाणं नाही, दारू तर नाहीच नाही.

दारूचं निघालं म्हणून, हा उतारा दारूवर चालत नाही. फेंटानिलसारख्या दुखण्याच्या इंजेक्शनवरही नाही, त्याला नॅलॉक्सोन हा वेगळा उतारा. त्यामुळे आदल्या रात्री घेतली असेल तर सांगून टाका, कोणी ओरडणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे घरोघरी एखादी काकू, एखादी आजी रात्री झोपेची अर्धी गोळी, याच डायझेपाम-अल्प्राझोलामच्या जातीची, घेतल्याशिवाय झोपत नाही. मुलगा मुंबईहून येताना पाकीट आणतो, वर्षानुवर्षं चालू असतं आणि "काय औषधं चालू आहेत" विचारलं की बीपी, शुगर सांगतात, ती गोळी सांगत नाहीत कारण ती औषध वाटतच नाही. अशा माणसाला फ्लुमाझेनिल दिलं तर मेंदूवरचा तो रोजचा ब्रेक एकदम सुटतो आणि फिट येऊ शकते. डिप्रेशनच्या काही जुन्या गोळ्या, अमिट्रिप्टिलिनसारख्या, जास्त प्रमाणात पोटात गेल्या असतील तरी तोच धोका. तेव्हा येताना गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा, रिकामी झालेलीसुद्धा. आणि हे वाचून आजीची गोळी आजपासून बंद करू नका, एकदम बंद केल्यानेही फिट येऊ शकते, ती हळूहळू कमी करायची असते आणि ते डॉक्टरच ठरवतील.