आधी हुशारी की आधी वजाबाकी?

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या म्हणून मेसेज आला तेव्हा ठरवलं होतं की सगळ्यांबद्दल थोडं थोडं लिहायचं, पटांगण, परिपाठ, मधल्या सुट्टीतली गेटबाहेरची बोरं-चिंचा, पण लिहायला बसलो की दर वेळी गाडी गणिताच्या सरांपाशीच येऊन थांबते, त्याला माझा नाइलाज आहे. बाकीच्या सर-मॅडमनी राग मानू नये. नाव लिहीत नाही कारण त्यांना ते आवडणार नाही, आणि आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं तरी कोण ते कळतं.

१९९८ साल, मी नववीत. वादविवाद स्पर्धेला विषय आला, 'यशासाठी प्रतिभा महत्त्वाची की परिश्रम'. हा विषय आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी फिरून यायचाच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सचिनने शारजा गाजवलेलं, सगळ्यांच्या अंगात तेच, त्यामुळे माझं आख्खं भाषण सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीवर. १९८८ ची हॅरिस शील्ड, म्हणजे मुंबईतली शाळांची क्रिकेट स्पर्धा, आझाद मैदान, त्यांच्या शारदाश्रम शाळेकडून दोघांची ६६४ धावांची नाबाद भागीदारी, त्यात सचिनच्या ३२६ आणि विनोदच्या ३४९, म्हणजे त्या मॅचला विनोदच पुढे, आणि तरी बघा आज कोण कुठे आहे, कारण परिश्रम! इथे मी बोट वर करायचो. टाळ्या पडल्या, पहिला नंबर पण आला.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले आणि हजेरी घ्यायच्या आधीच म्हणाले, "भाषण झकास झालं रे. आता सांग, कांबळीची टेस्टमधली सरासरी किती?"

मला काय माहीत. पण मागच्या बाकावर एक क्रिकेटचा किडा होता, तो ओरडला, "चोपन्न, सर!"

"आणि लागोपाठच्या दोन टेस्टमध्ये डबल सेंच्युरी कोणी मारल्या?"

"त्यानेच सर, २२४ आणि २२७!"

"मग? कांजूरमार्गहून लोकलच्या गर्दीत किट सांभाळत ते पोरगं शिवाजी पार्कला यायचं, ती मेहनत नव्हती तर काय सहल होती? एका माणसाला आळशी ठरवलं की तुमचं भाषण सोपं होतं, एवढंच."

आमच्या विरुद्ध बाजूने बोललेली मुलगी लगेच उठली, "म्हणजे सर, प्रतिभाच ना?" तिला वाटलं आता तरी आपला नंबर वर येईल. सर म्हणाले, "वह्या काढा."

चार अंकी संख्या घ्या, कुठलीही, फक्त चारी अंक सारखे नकोत. त्याच अंकांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजा करा. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच. मी आपलं चालू साल घेतलं, १९९८. ९९८१ वजा १८९९, आले ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, आले ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. परत केलं तरी ६१७४, परत तेच. शेजारच्याने ९८३१ घेतली होती, त्याची वजाबाकी संपेचना, आणि चौथ्या पायरीला बघतो तर त्याच्या वहीत माझंच १९९८! तो म्हणाला तू माझं कॉपी केलंस. सातव्या पायरीला तोही ६१७४ वर. मग वर्गात एकच गोंधळ, माझं पण तेच, माझं पण तेच, शेजारच्या वर्गावरच्या मॅडम बघायला आल्या काय झालं म्हणून.

मग सरांनी सांगितलं की हे शोधणारा माणूस नाशिकजवळच्या देवळालीचा. आपल्याकडून देवळाली ती केवढी लांब, एस्टीने तासाभराची. द. रा. कापरेकर, शाळेत मास्तर, १९६२ ला रिटायर झाले. फर्ग्युसनला असताना १९२७ साली गणितातलं रँग्लर परांजपे बक्षीस मिळवलेलं, पण पदवीच्या पुढे शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही. ६१७४ चं हे त्यांनी १९४९ ला मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं, आणि जगाने खरी दखल घेतली १९७५ ला मार्टिन गार्डनर या गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखकाने त्यावर लिहिलं तेव्हा. कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही, नुसत्या वजाबाक्या. दारुड्याला जशी दारू तशी मला संख्यांची झिंग, असं ते स्वतः म्हणायचे. वर्ग हसला तेव्हा सर पण हसले.

"आता सांगा," सर म्हणाले, "हा माणूस आधी हुशार होता म्हणून वजाबाक्या केल्या, की वजाबाक्या केल्या म्हणून हुशार झाला?"

उत्तर त्यांनी दिलं नाही. तास संपला, आणि मजा म्हणजे मधल्या सुट्टीत निम्मा वर्ग डबा खायचा सोडून वजाबाक्या करत बसलेला. त्यात गणितात कायम पस्तीस-चाळीसवाली दोन मुलं होती, त्यांना कोणी प्रतिभावान म्हटलं नव्हतं आणि मेहनती तर नाहीच. सरांचं कसब हेच होतं असं मला वाटतं, त्यांनी मेहनत करा असं आम्हाला कधी सांगितलंच नाही, ती आमच्याकडून होऊन जायची.

मी आता पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, टीम लीड आहे, पोरगी आठवीत. तिच्या क्लासमध्ये सुरुवातीलाच एक परीक्षा घेऊन 'टॅलेंट बॅच' वेगळी काढली. उरलेल्यांच्या बॅचला नाव नाही, नुसता नंबर. एका रविवारच्या पेपरवर तेरा वर्षांच्या पोरांचं नशीब ठरवतात आणि फी मात्र दोन्ही बॅचला सारखीच! आपल्या शाळेत पण आता ऑफ तासाला ज्यादा तास असतात म्हणे. हे काही बरं नाही, कमिटीने यावर बोलावं अशी माझी विनंती आहे, स्मरणिकेत छापलं तर बरं.

लिहायच्या आधी सरांना फोन केला होता. तब्येत ठीक आहे, गुडघे दुखतात. मी म्हटलं सर, तुमच्यावर लिहितोय, तर म्हणाले माझ्यावर काय लिहितोस, पाच अंकी संख्या घेऊन बघितलीस का कधी? नाही म्हटलं. मग करून बघ म्हणाले, तिथे एका जागी थांबत नाही, गोल गोल फिरत राहतं. पोरगीला बसवलंय त्या कामाला, नंबरवाल्या बॅचची आहे ती.

आमच्या बॅचची वर्गणी गोळा झाली आहे, गणित पेटीसाठी वापरावी असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. कार्यक्रमाला आदल्या रात्रीच येतोय, सरांना घरून आणायची जबाबदारी माझ्याकडे द्या, गाडी आहे.