फायखालचा ठिपका

परदेशातील एका विद्यापीठात प्राचीन ग्रीसच्या इतिहासावर पीएच.डी. करत असताना तिसऱ्या वर्षी शिलालेखवाचनाचा एक छोटा वर्ग माझ्याकडे सोपवण्यात आला. विद्यार्थी आठ आणि आठवड्याला दोन तास. त्यांतला नोव्हेंबरमधला एक तास मला अजूनही जसाच्या तसा आठवतो.

त्या दिवशी मी अथेन्स आणि सिसिलीतील एगेस्टा नगरी यांच्यात झालेल्या कराराच्या शिलालेखाचा ठसा कपाटातून बाहेर काढला होता. मूळ शिला अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयात असून ती फार झिजलेली आहे. आपल्याकडे ठसा म्हटले की शाईने काळा झालेला आणि त्यात पांढरी अक्षरे उमटलेला कागद डोळ्यांपुढे येतो. ग्रीक शिलालेखांच्या ठशांना मात्र सहसा शाई लावत नाहीत. जाड गाळणकागद भिजवून दगडावर पसरतात, राठ केसांच्या ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खोबणीत बसवतात आणि वाळल्यावर अलगद सोलून काढतात. हाती येणाऱ्या पांढऱ्या कागदावर प्रथमदर्शनी काहीच दिसत नाही. खोलीत अंधार करून बॅटरी एका बाजूने, जवळजवळ कागदाला टेकवून धरली की सावल्या पडतात आणि अक्षरे वर येऊ लागतात. बॅटरी बोटभर सरकवली तरी एक रेघ मावळते आणि दुसरी उगवते.

या लेखाच्या काळावरून विद्वानांत काही दशके वाद झाला. अथेन्समध्ये वर्ष ओळखले जाई ते त्या वर्षीच्या आर्कनच्या, म्हणजे प्रमुख अधिकाऱ्याच्या नावावरून. आणि येथे त्या नावाची शेवटची दोन अक्षरे, ओमिक्रॉन आणि न्यू, एवढीच स्पष्ट उरली आहेत. हाब्रोन असेल तर इ.स.पू. ४५८/७, अरिस्टोन असेल तर ४५४/३ आणि अँटिफोन असेल तर ४१८/७. लेखातील सिग्मा, म्हणजे ग्रीक ‘स’, तीन रेघांचा आहे, आणि असा सिग्मा सुमारे ४४६ नंतर अथेन्सच्या सार्वजनिक लेखांत येत नाही, असे पुष्कळ अभ्यासक धरून चालत. म्हणून करार जुना ठरवला जाई. हॅरल्ड मॅटिंग्ली यांनी या नियमाला वर्षानुवर्षे विरोध केला. १९९० साली मॉर्टिमर चेंबर्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लेसर किरणांच्या साहाय्याने शिला तपासून अँटिफोन हे नाव वाचले आणि आज बहुतेक अभ्यासक ते मान्य करतात. एका नावाने चाळीस वर्षांचा फरक पडतो. याच एगेस्टाच्या बोलावण्यावरून, साठ जहाजांच्या महिन्याभराच्या पगारापोटी तिने पाठवलेली साठ टॅलेंट (वजनाचे प्राचीन ग्रीक माप) चांदी पाहून, अथेन्सने इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीवर आरमार पाठवले आणि दोन वर्षांत ते सर्वस्वी गमावले. करार त्या मोहिमेच्या तोंडावर झाला की चार दशके आधी, यावर अथेन्सच्या साम्राज्याचे आपले सारे चित्र अवलंबून राहते.

विद्यार्थ्यांना मी यातले काहीच सांगितले नव्हते. फक्त दिसेल ते उतरवून घ्यायला सांगितले होते. एक मुलगी आर्कनच्या नावात, त्या शेवटच्या दोन अक्षरांच्या आधीच्या जागेवर बराच वेळ थांबली. मी तिच्या शेजारी बसले, बॅटरी डावीकडून धरली आणि म्हणाले, “येथे फाय आहे. वर्तुळ पाहा, आणि त्यातून गेलेली उभी रेघ.” तिने पुन्हा निरखून पाहिले. मग अगदी सरळपणे विचारले, “हे तुम्हाला दिसते आहे, की ठाऊक आहे?”

मी उत्तर देण्यासाठी ठशाकडे पाहिले आणि मला वर्तुळ दिसेना. क्षणापूर्वी ते होते, याची मला खात्री होती. बॅटरी उजवीकडून धरली, वरून धरली, पण हाती लागली ती एकच उभी रेघ. उभी रेघ अँटिफोनमधल्या फायमध्ये असते, अरिस्टोनमधल्या टाऊमध्ये असते आणि हाब्रोनमधल्या रोमध्येही असते. म्हणजे तिन्ही नावांना ती सारखीच चालते. रोची रेघ डावीकडे असते हे खरे, पण अक्षराची डावी कड कुठे संपते आणि दगडाचा टवका कुठे सुरू होतो, हे त्या कागदावरून तरी सांगता येत नव्हते. मी वर्गापुढे तसेच सांगितले: मला नाव ठाऊक आहे म्हणून अक्षर दिसले, लेसरने वाचणाऱ्यांपुढे मूळ शिला होती, आपल्यापुढे कागद आहे आणि या कागदावर एक रेघ आहे.

उरलेला तास ठिपक्यांवर गेला. १९३१ साली लायडेन येथे ठरलेल्या पद्धतीप्रमाणे, ज्या अक्षराचा काही भागच उरला आहे आणि जे निश्चित वाचता येत नाही, त्याच्याखाली ठिपका देतात. गळलेले अक्षर तर्काने भरले तर ते चौकटी कंसात घालतात. हे नियम मला पहिल्या वर्षापासून पाठ होते. पण त्या संध्याकाळी स्वतःच्या प्रबंधातील वाचने काढून बसले, तेव्हा अनेक ठिकाणी ठिपका असायला हवा तेथे मी अक्षर बिनदिक्कत लिहून टाकले होते. प्रत्येक अक्षर ठशावर पुन्हा शोधायला मला पुढचे अकरा दिवस लागले. दोन ठिकाणी माझा युक्तिवादच उभा राहिला नाही आणि ती पाने काढून टाकावी लागली.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीने आपली प्रत दिली. आर्कनच्या जागी शेवटची दोन अक्षरे होती आणि त्यांच्याआधी पेन्सिलीने काढलेली एक उभी रेघ, ठशावर जेवढी दिसत होती तेवढीच लांब.