माझे सगळे रिपोर्ट झोपून काढलेले होते

फेब्रुवारी २०२०. बी.एड.च्या आंतरवासितेसाठी आम्ही सहा छात्राध्यापिका कराडजवळच्या एका शाळेत जात होतो. परिपाठ चालू होता. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, संविधानाची प्रास्ताविका झाली, मग सुविचार, मग दिनविशेष. दिनविशेष वाचणारी मुलगी अडखळत होती आणि मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, लवकर वाच गं. कानात घूं आवाज सुरू झाला होता. बोटं गार पडली होती. समोरच्या मुलांचे गणवेश आधी फिके दिसायला लागले आणि मग डोळ्यांपुढे अंधारी आली. जाग आली तेव्हा मी मुख्याध्यापकांच्या खोलीत बाकावर होते आणि कुणीतरी नाकाशी फोडलेला कांदा धरला होता.

"काही खाऊन आली नसशील," असं तिथल्या बाई म्हणाल्या. मी भाकरी-भाजी खाऊन निघाले होते.

खरं तर हे दीड वर्ष चाललं होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये मला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरल्या, पाच दिवस सलाईन लागलं, आणि त्यातून मी बरी झाले. म्हणजे ताप गेला, रक्ताचे आकडे जागेवर आले. पण मी काही पहिल्यासारखी झाले नाही. पूर्वी कराडजवळचा सदाशिवगड एका दमात चढणारी मी, ओट्यापाशी उभी राहून पोळ्या लाटताना तिसऱ्या-चौथ्या पोळीला छातीत इतकं धडधडायचं की लाटणं ठेवून खाली बसावं लागायचं. कढत पाण्याने अंघोळ केली की भिंतीला धरून बाहेर यायचे. बसस्टँडवर उभं राहिलं की डोकं बधिर व्हायचं, समोरच्या गाडीवरची पाटी वाचता यायची पण कळायची नाही. आणि थकवा. याला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. झोपून उठल्यावरही अंगात असणारा, हाडांत मुरलेला थकवा.

पुढच्या अडीच वर्षांत काय काय तपासलं ते भरभर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. हिमोग्लोबिन जरा कमी निघालं, लोहाच्या गोळ्या झाल्या, ते वाढलं, मी तशीच. थायरॉइड नॉर्मल. साखर नॉर्मल. बी-१२ आणि डी व्हिटॅमिनची इंजेक्शनं झाली. ईसीजी, टू-डी इको नॉर्मल. कानाच्या डॉक्टरांनी चक्करेच्या गोळ्या दिल्या. फिट असेल म्हणून ईईजी झाला, मग मेंदूचा एमआरआय झाला. एकदा २४ तासांचा होल्टर, म्हणजे हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं यंत्र, लावला. छातीवर वायरी चिकटवलेल्या, त्यात आई म्हणाली, आज काही काम करू नकोस, पडून राहा. मी दिवसभर पडून राहिले. होल्टरही नॉर्मल आला.

प्रत्येक वेळी "सगळं नॉर्मल आहे" हे वाक्य आनंदाची बातमी असल्यासारखं सांगितलं जायचं. मला मात्र बाहेर पडताना रडू यायचं. काहीतरी निघावं असं वाटणं किती विचित्र आहे हे मला कळत होतं. पण नाव नसलेला आजार घरात सांगता येत नाही, कॉलेजात अर्जावर लिहिता येत नाही. एका डॉक्टरांनी तर फाईल मिटून माझ्याकडे न बघता आईला विचारलं, "लग्नाचं बघताय का हिचं? सगळं ठीक होईल." आईने घरी येऊन मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. तिचा मला राग आला नाही. तिला जे करता येत होतं ते तिने केलं.

बाबांचं वेगळं होतं. ते एसटीत कंडक्टर होते. ३१ वर्षं उभ्याने तिकिटं फाडली त्यांनी, घाटातल्या वळणांवर एका हाताने दांडा धरून. ते मला कधी रागावले नाहीत, पण एकदा म्हणाले, "उभं राहून कुणी आजारी पडतं का, पोरी?" ते वाक्य माझ्या आत खूप दिवस राहिलं. कारण त्यात कुचकेपणा नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं, आणि मलाही उत्तर देता येत नव्हतं.

मग लॉकडाऊन लागला आणि मी बरी झाले. असं सगळ्यांना वाटलं. बी.एड.चं उरलेलं वर्ष ऑनलाइन झालं, २०२१ मध्ये एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेही सुरुवातीला मोबाइलसमोर बसून. गाडी नाही, परिपाठ नाही, फळा नाही. दुपारी हवं तेव्हा आडवं होता यायचं. दिवाळीच्या सुमाराला वर्ग प्रत्यक्ष सुरू झाले आणि आठवड्याभरात मी पुन्हा फळ्याजवळ कोसळले. या वेळी नातेवाइकांनी निष्कर्ष काढला: घरी असताना चांगली असते, शाळेत गेली की पडते, म्हणजे हिला नोकरीच नको आहे. मी स्वतःही तसं मानायला लागले होते. मला वाटतं या सगळ्या काळातली सर्वांत वाईट गोष्ट चक्कर नव्हती, ही होती. आपल्या शरीरातून येणारी खबर खोटी आहे असं धरून मी चालायला लागले.

शेवटी मला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं गेलं. मी मान खाली घालून गेले. आणि तिथेच गोष्ट फिरली.

त्यांनी विचारलं, "हे कधी होतं?"

"कधीही."

"झोपलेल्या असताना?"

"नाही."

"बसून?"

मी विचार केला. "क्वचित. फार वेळ पाय खाली सोडून बसले तर."

"आणि झाल्यावर आडवं पडलात तर?"

"थोड्या वेळात कमी होतं."

ते उठले आणि मला खुर्चीशेजारी उभं राहायला सांगितलं. माझ्या मनगटावर बोटं ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, माझ्याशी शाळेबद्दल बोलत राहिले. पाचेक मिनिटांनी म्हणाले, बसा. मग म्हणाले, "तुम्ही बसलाय की उभ्या आहात याच्याशी भीतीला देणंघेणं नसतं. तुमच्या त्रासाला आहे. काळजी तुम्हाला आहेच, पण ती या त्रासाच्या मागून आलेली दिसते." गोळी दिली नाही. घरी करायची एक तपासणी कागदावर लिहून दिली. सकाळी दहा मिनिटं शांत पडून नाडी आणि रक्तदाब मोजायचा. मग कशाला न टेकता, न हलता उभं राहायचं आणि पहिल्या, पाचव्या, दहाव्या मिनिटाला पुन्हा मोजायचा. सोबत कुणीतरी असायला हवं, आणि फारच झालं तर दहा मिनिटं पूर्ण करायचा हट्ट धरायचा नाही.

बीपीचं मशीन आजीचं होतं. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडून होता, त्यात नाडीही दिसते. सोबत बाबा बसले, मांडीवर वही घेऊन, कंडक्टरच्या सवयीने वेळ आधी आणि आकडा नंतर लिहीत.

पडलेली असताना नाडी ७४, रक्तदाब ११०/७२. उभं राहिल्यावर पहिल्या मिनिटाला नाडी १०४. पाचव्याला ११९. दहाव्याला १२७, रक्तदाब ११४/८०. मी फक्त उभी होते. घरातल्या फरशीवर, पंख्याखाली. बाबांनी १२७ लिहिलं, मग पेन तसंच धरून माझ्या पायांकडे बघितलं. पावलं जांभळट-लाल झाली होती, घोट्याच्या वरपर्यंत. त्यांनी ती याआधी कधी पाहिली नव्हती, मीही नीट पाहिली नव्हती.

"बस खाली, पोरी," ते म्हणाले. "बस."

आम्ही १४ दिवस सकाळ-संध्याकाळ हे लिहिलं. सकाळचे आकडे नेहमी जास्त वाईट, पाळीच्या दिवसांत आणखी वाईट. मग ती वही घेऊन बाबा आणि मी पहाटेच्या एसटीने पुण्याला हृदयाच्या ठोक्यांचा खास अभ्यास असलेल्या डॉक्टरांकडे गेलो. आधीची जाडजूड फाईल त्यांनी चाळली. वही मात्र पानन् पान वाचली. मग टिल्ट टेबल तपासणी ठरली. अरुंद टेबलावर पट्ट्यांनी बांधतात, बराच वेळ आडवं ठेवतात, आणि मग टेबल पायाकडून खाली करत जवळपास उभं करतात. आपल्याला काहीच करायचं नसतं. आठव्या मिनिटाला माझी नाडी ७२ वरून ११८ वर गेली होती, रक्तदाब उतरला नव्हता.

ऑगस्ट २०२२. डेंग्यूनंतर जवळजवळ चार वर्षांनी नाव मिळालं: पोस्चुरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम, थोडक्यात पॉट्स. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पोटात आणि पायांकडे उतरतं. निरोगी माणसात स्वायत्त चेतासंस्था, म्हणजे आपल्या नकळत काम करणारं मज्जातंतूंचं जाळं, लगेच रक्तवाहिन्या आवळते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. माझ्यात ते आवळणं नीट होत नाही, म्हणून हृदय धावून धावून भरपाई करतं. मोठ्या माणसांत उभं राहिल्यापासून दहा मिनिटांत नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढणं, रक्तदाब फारसा न उतरणं आणि हा त्रास महिनोन्महिने असणं, ही त्याची खूण. किशोरवयीन मुलांत ४० ठोके धरतात. रक्त कमी असणं, थायरॉइड, अंगातलं पाणी कमी होणं यांनीही नाडी अशी वाढते, त्यामुळे आधीच्या तपासण्या वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. त्या करायलाच हव्या होत्या. फक्त ईसीजी झोपून, इको झोपून, एमआरआय झोपून, होल्टरही झोपून. माझा आजार उभं राहिल्यावर सुरू होतो, आणि साडेतीन वर्षांत मला उभं करून कुणी बघितलं नव्हतं.

हे नाव १९९३ मध्ये रूढ झालं. पण १८७१ मध्येच जेकब दा कोस्टा या अमेरिकन डॉक्टरने यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल असंच काहीसं लिहून ठेवलं होतं: तरुण माणसं, धडधड, थकवा, आणि तपासलं तर हृदय धडधाकट. त्यांतले अनेक जण तापातून उठलेले होते. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागी होते.

मी डॉक्टरांना विचारलं, मलाच का? ते म्हणाले, विषाणूजन्य तापानंतर हे सुरू झालेले पेशंट असतात, तुझंही तसं असू शकतं, पण छातीठोकपणे सांगता येणार नाही. म्हणजे नाव मिळालं, कारण नाही मिळालं. आधी वाटायचं कारण कळल्याशिवाय जगता येणार नाही. येतं.

उपचार बहुतेक स्वयंपाकघरात आहेत. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, आणि साधारण दहा ग्रॅम मीठ. इतरांना पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगतात, त्यामुळे हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणी करू नये. बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर घातक ठरेल. आमच्या घरात आता आमटीची दोन भांडी असतात, एक आजीची अळणी आणि एक माझी. उठण्याआधी अंथरुणातच दोन मोठे पेले पाणी पिते आणि पाच मिनिटं बसून मग पाय खाली ठेवते. अंघोळ कोमट पाण्याने, पाटावर बसून. एकदम भरपेट जेवले तर रक्त पोटाकडे जातं, म्हणून चार वेळा थोडं थोडं. उपवास सोडले. गुडघ्यापर्यंतचे दाब देणारे मोजे मला फारसे उपयोगी पडले नाहीत, कमरेपर्यंतचे पडले, पण एप्रिलमध्ये ते घालणं अशक्य होतं. तेव्हा बाळंतिणीला बांधतात तसला पोटपट्टा बांधते. गोळीचं म्हणाल तर पहिली मानवली नाही, अंगातली उरलीसुरली ताकदही गेली. दुसरी, नाडी मंद करणारी आयव्हाब्रॅडिन, मानवली.

सगळ्यांत अवघड होता व्यायाम. "रोज चालायला जा" हा सल्ला मला नेहमी मिळायचा आणि नेहमी मला दोन दिवस अंथरुणात टाकायचा. आता सुरुवात आडवं पडून केली: पाय उचलणं, पोटऱ्या आवळणं, पाच मिनिटं. तीन महिन्यांनी टेकून बसायची सायकल, एका फिजिओथेरपीच्या खोलीत. वर्षभराने चालणं. सदाशिवगड अजून नाही. पायऱ्या सुरू होतात तिथल्या सावलीत बसून आले मात्र.

अजूनही वाईट आठवडे येतात. मे महिना तर सगळाच वाईट जातो. स्थळं येतात, मी पहिल्याच भेटीत सांगते, आणि बरीचशी परत येत नाहीत. एका मावशींनी आईला सुचवलं की हे सांगायची गरज काय, दिसत तर नाही. आई म्हणाली, "दिसत नव्हतं म्हणूनच चार वर्षं गेली." आईने माझ्या बाजूने असं कुणाला उत्तर दिल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

शाळेत मी मुख्याध्यापिकांना डॉक्टरांचं पत्र दिलं. परिपाठाला मी आता कडेला खुर्चीवर बसते, राष्ट्रगीताला उठते, पोटऱ्या आवळत उभी राहते आणि पुन्हा बसते. वर्गात मात्र खुर्चीवरून फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात पोचेना. हे घरी बोलले होते, बस एवढंच. पुढच्या रविवारी बाबा ओळखीच्या सुताराकडून एक उंच स्टूल करून घेऊन आले, पाय टेकवायला आडवी पट्टी असलेलं. स्वतः दोनदा त्यावर बसून, हात वर करून, फळा लिहिल्यासारखं करून बघितलं. मग बाजारातून चार रबरी टोप्या आणून स्टुलाच्या पायांना बसवल्या, सरकवताना वर्गात आवाज होऊ नये म्हणून.